डोंगराचं पान

"पोथी घेऊन जा साहेब, पण आधी चहा घ्या," म्हातारी भागीरथाबाई म्हणाली आणि तालुक्याहून आलेला अधिकारी धनराज चपापला.

इतक्या सहज कोणी काही देतं का? तेही या गावात?

धानोऱ्याहून निघाल्यापासून त्याला धास्ती होती. अठरा किलोमीटर आत, मोबाइलला रेंज नाही, आणि ओट्याभोवती तीस-चाळीस माणसं बसलेली. बांबू तोडायला निघालेल्यांच्या कुऱ्हाडी खांद्यावर तशाच. ड्रायव्हर हरिदास तर जीपमधून उतरलाच नव्हता.

वरच्या साहेबांनी केबिनचं दार लावून सांगितलं होतं, "डोंगर खाणीला जाणार हे ठरलंय. गाव म्हणतं आम्ही दीडशे वर्षांपासून इथंच. पुरावा काय, तर एक शिळाछापाची पोथी आणि तिच्यातलं एक चित्र. गावातल्या एका पोरीनं तिची हुबेहूब नक्कल छापून आणली, ती आपण उडवून लावली. नकलेला कोण विचारतं? आता मूळ पोथी तुम्ही आणा." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ऑफिसात आणू नका."

धनराजची बदली त्यांच्या हातात होती. दूर सिरोंचा की घराजवळ नागभीड, एवढाच प्रश्न.

भागीरथाबाईच्या आजेसासऱ्यानं म्हणे एका चित्रं काढणाऱ्या पाद्र्याचं सामान डोक्यावर वाहिलं होतं. पाद्र्यानं आठवण ठेवली, पुस्तक छापून आल्यावर एक प्रत गावाला धाडली. तेव्हापासून ती बांबूच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात.

पोथी आली. सुटी पानं, लाल फडक्यात. मागोमाग म्हातारीची नात दिव्यानी नवी नक्कलही घेऊन आली. तीही सुट्या पानांची. तसाच पिवळा कागद, तेच डाग.

धनराज सावध झाला. हे लोक आपल्या गळ्यात नक्कल मारणार.

"मले दिसत नाई, बाबू," म्हातारी म्हणाली. "नव्यात आमचा डोंगर बराबर उतरला का, तेवढं पाहून सांग."

"पाहतो."

त्याला पाहायचंच होतं. डोंगर, माथ्यावर देवाचे उभे दगड, पायथ्याशी अकरा घरं, खाली बाळबोध अक्षरांत गावाचं नाव. रेघ न् रेघ सारखी. फरक एकच. जुन्या पानाला कसरीनं पाडलेली भोकं होती. पान उन्हात धरलं की त्याच्या तळव्यावर उजेडाचे ठिपके पडत. नव्या पानावर त्या जागी छापलेले काळे ठिपके. बोट फिरवलं तर सपाट.

"बराबर आहे बाई. सगळं सारखंच आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि भोकं असलेली पोथी पटकन फडक्यात बांधली.

"पोच?" दिव्यानीनं विचारलं.

"ऑफिसात मिळेल."

"राहू दे वं," म्हातारी म्हणाली. "कागदाचं काय, भिजते, जळते. साहेबांचा शब्द आहे."

'जळते' ऐकून धनराजनं पोथी बगलेत मारली. तो उठला. वाट कोणी दिली नाही.

"बसा ना साहेब," नथ्थू म्हणाला. सगळ्यात मोठी कुऱ्हाड त्याचीच. "आलेच आहा तर पोराइच्या कागदांवर शिक्के मारून द्या. तालुक्याले दहा चकरा माराव्या लागते. अधिकारी गावात येते कवा? मतं घ्यायच्या टायमाले, नाई तर डोंगर न्यायले."

लोक हसले. धनराजही हसला. न हसून जातो कुठं?

एवढंच होतं तर! शिक्का त्याच्या बॅगेत कायम असे. दिव्यानी एकेक कागद कोपऱ्यावर बोट ठेवून पुढं सरकवत गेली. शिक्का, सही, तारीख. दाखले, मार्कशीट, काही जाड, काही पातळ, काहींवर पोरांचे फोटो. कोण बघतं? पंधरा वर्षांच्या नोकरीत त्यानं कधी पाहिलं नव्हतं. लोकांनी दाराशी ताटकळायचं आणि यानं न बघता ठोकायचं, हीच त्या खुर्चीची रीत. शिवाय नजर नथ्थूच्या कुऱ्हाडीवरून हलत नव्हती.

शेवटचा शिक्का पडला आणि माणसं बाजूला झाली.

नाल्याशी त्यानं जीप थांबवली. हरिदासला पाणी आणायला पिटाळलं. दीडशे वर्षं टिकलेला कागद दोन मिनिटांत राख झाला. डोंगराचं पान त्यानं सगळ्यात शेवटी पेटवलं.

धानोऱ्यात रेंज आली.

"पोच दिली?" वरच्या साहेबांनी विचारलं.

"नाही सर."

"मूळ पाहिल्याचं काही लिहून?"

"एक अक्षर नाही."

"शाब्बास."

आठव्या दिवशी गडचिरोलीत सुनावणी झाली. सुनावणी घ्यायला बाहेरच्या जिल्ह्यातल्या एक अधिकारी बाई आल्या होत्या. धनराजनं उभं राहून शपथेवर सांगितलं, लेखीही दिलं: अशी कोणतीही मूळ पोथी अस्तित्वात नाही, मी ती कधी पाहिलेली नाही.

भागीरथाबाई मागच्या बाकावर बसली होती. दिव्यानी पुढं आली आणि एकच पान टेबलावर ठेवलं.

जळलेलं पान परत कसं आलं? त्यानं मान लांब करून पाहिलं. बाईंनी ते खिडकीकडे धरलं होतं. एकही ठिपका उजेडाचा नाही. त्याचा जीव भांड्यात पडला.

"नक्कल आहे मॅडम," तो हसून म्हणाला.

"हो, नक्कलच आहे," बाई म्हणाल्या आणि पान त्याच्याकडे सरकवलं.

डोंगराच्या पायथ्याशी, अकराव्या घराच्या बाजूला, निळ्या शाईत ठसठशीत उमटलं होतं: 'सत्यप्रत. मूळ प्रतीवरून पडताळून पाहिली.' खाली त्याचं नाव, त्याचा हुद्दा, तो गावात गेला त्या दिवसाची तारीख आणि त्याची सही.