गोणपाटाचा पडदा

“नाना, मुलींना दोरीवर चढू देता का हो?”

प्रश्न मंजूचा नव्हताच. पैज होती. व्यायामशाळेच्या दारात उभं राहून एवढं विचारायचं आणि धूम ठोकायची. मधल्या सुट्टीत ताईबाईनं डिवचलं होतं, “तुनामा हिम्मत शे का? बठ्ठा पोरं तुले देखतीन!” सगळी पोरं बघतील म्हणे! आता तीच ताईबाई बाकीच्या तिघींना घेऊन रस्त्यापलीकडच्या रसवंतीआड हसू दाबत उभी होती.

आत वीस-पंचवीस पोरं. कुणी जोर काढत होतं, कुणी मल्लखांबावर उलटं लटकलं होतं. सगळे एकदम थांबले. एरंडेलाचा वास नाकात भरला. मंजूचे पाय पळायला तयारच होते, पण आढ्याला बांधलेली ती लांबलचक दोरी दिसली आणि ती पळायचं विसरून गेली.

जीवराम नाना, तिथले वस्ताद, खांबाला तेल चोळत होते. वर न बघता म्हणाले, “कोणाची तू?”

“रुपचंदजींची. डाळवाले.”

नानांचा हात थांबला. “मैत्रिणींनी धाडलं ना?”

“हो. म्हणजे… आता मीच विचारतेय.”

“परवा ये. पाचला.”

“उद्या नको?”

“परवा म्हटलं ना. आणि घरी कधी सांगायचं ते तू ठरव.”

घरी! बाबूजींना कळलं तर दोरी राहिली बाजूला, शाळाही बंद होणार, याची तिला खात्री होती.

लहानपणी असं नव्हतं. तेव्हा गोडाऊनमधल्या पोत्यांच्या थप्पीवर ती माकडासारखी चढायची, पार पत्र्याला हात लावायची. तुरीच्या डाळीचा गरम वास, पत्र्याच्या भोकांतून येणारे उन्हाचे कवडसे, आणि खाली बाबूजी ओरडतायत, “उतर! उतर आधी!” ओरडताना दोन्ही हात मात्र पसरलेले असायचे. ती बाराची झाली आणि एक दिवस म्हणाले, “आता गोडाऊनमध्ये येऊ नकोस.” झालं. का, ते सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पण डाळीचा वास आला की अजून तिच्या तळव्यांना खाज सुटायची.

परवा पाचला ती गेली, तर दोरीच्या भोवती पडदा! गोणपाटं उलटी करून, छाप आत राहील असा एकमेकांना शिवून केलेला. शिवणीच्या टोकांना सुतळीच्या दुहेरी गाठी. खाली भुशानं भरलेली दोन पोती. जळगावात गोणपाटाला काय तोटा! नानांनी कुठूनतरी मिळवली असणार.

“दोरी अंगठ्याच्या बेचक्यात धर. आता दुसरा पाय वरून. हातांनी नाही, पायांनी चढायचं,” नाना पडद्याबाहेरून सांगत.

पायांनी चढायचं म्हणे! कवायतीची सलवार घोट्याशी बांधून मंजू हातभर चढायची आणि धप्पकन पडायची. पडद्यापलीकडून आवाज यायचा, “अरे, डाळीचं पोतं उतरलं!” मग हशा. पहिला आठवडा ती रोज भुशात तोंड खुपसून रडली आणि रोज ठरवलं, उद्या यायचं नाही. दुसऱ्या दिवशी पाच वाजले की पाय तिकडेच वळायचे.

जेवताना बाबूजींनी तिचे तळवे पाहिले. “काय झालं?”

“आडाचा दोर लागला.”

“हळू ओढत जा. निसटला की सोलतोच हात.” मग आईकडे वळून म्हणाले, “हळद लाव हिला. आणि दूध वाढव थोडं. दहावीचं वर्ष आहे.”

मंजूनं सुटकेचा श्वास सोडला. वाचले!

जून सरला. बेचक्यातली कातडी घट्ट झाली. जुलैअखेर एके दिवशी ती चढत होती, चढत होती, आणि एकदम डोक्याला वारा लागला. पडदा खाली राहिला होता! पलीकडची पंचवीस तोंडं तिच्याकडे वर बघत होती. कुणी हसलं नाही. डाळीचं पोतं म्हणणाऱ्या पोराचं तोंड तर उघडंच राहिलं होतं. मंजूनं पायांची अढी घट्ट केली, दोन्ही हात सोडून दिले आणि वर पत्र्याला टेकवले. डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी पत्रा!

खाली आल्यावर नाना म्हणाले, “पंधरा ऑगस्टला मैदानावर करशील? सगळं गाव असेल. तिथं पडदा नाही.”

“करीन,” ती म्हणाली. घरी काय सांगायचं ते मात्र वाटभर घोकत आली.

बाबूजी ओट्यावर दाभण घेऊन फाटकं पोतं शिवत बसले होते. आई गहू निवडत होती. मंजू दोघांच्या मधोमध उभी राहिली.

“बाबूजी, मी दीड महिना व्यायामशाळेत जातेय. दोरीवर. पंधरा ऑगस्टला मैदानावर गावासमोर चढणार आहे. शाळा बंद केलीत तरी चढणार. विचारत नाहीये, सांगतेय.”

आईच्या हातातलं सूप कलंडलं. “अगं, काय बोलतेस तू!”

बाबूजींनी टाका पुरा केला. सुतळीला गाठ मारली. त्या गाठीवर आणखी एक.

“मग जीवरामकडून तो पडदा सोडवून आण,” ते म्हणाले. “नवा मूग येईल आता. गोणपाटं लागतील.”