कुंपणावरची कळलावी

"पयल्या भांडणाला ही मुळासकट जायची," प्रयागबाईंनी सुनेला बजावलं. "कळलावी दारात लावली की घरात भांडणं व्हत्यात."

"मान्य, आत्या," हर्षाली म्हणाली. वनस्पतीशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीला ही अट सोपी वाटली.

अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन ती वारूळवाडीला आली, तेव्हा मागच्या अंगणात टोमॅटोच्या काठ्या नि गंजलेली तार पडलेली होती. ते सगळं हलवून तिनं मढहून, माहेरच्या डोंगरातून आणलेली झाडं लावली. कुडा, निरगुडी, भारंगी. शेवटी कळलावीचा कंद, कुंपणाच्या कडेला. कुंपणापलीकडं प्रयागबाईंच्या धाकट्या जाऊ, लंकाबाई राहायच्या. वाटणी झाली नि अंगणाच्या मधोमध तारेचं कुंपण पडलं, तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आषाढात कोंब वर आला. पानांची टोकं वळून मिळेल ते धरू लागली. हर्षाली रोज बघायची. सासूला उलटून बोलायची नाही, आणि नवऱ्याशी, आदेशशी, हळू आवाजातसुद्धा वाद घालायची नाही. श्रावणात पहिलं फूल उमललं, बुडाशी पिवळं, टोकाला लाल. त्याच सकाळी पलीकडून आवाज आला.

"माझ्या धुण्याच्या दोरीला इळखा घातलाय हिनं. लुगडं काय डोक्यावर वाळवू?"

प्रयागबाई बाहेर आल्या. "दोरी कुंपणाला बांधाय कुणी सांगितलं व्हतं?"

"इखारी हाय ती. शेळीनं खाल्ली म्हंजी?"

"शेळीची लई काळजी तुला. आदेश तुझ्या मांडीवर वाढला, त्याच्या हळदीला आलीस का?"

"बोलवाय कोण आलं व्हतं?"

आत चुलीवरचा चहा आटून गेला, तरी दोघी थांबल्या नाहीत. शेवटी लंकाबाई तणतणत निघाल्या, आणि चार पावलांवरून मागं वळल्या. "अन् लंगडता कशानं, बाई?"

"गुडघा."

"निरगुडीचा पाला बांधा की. सुनंनं लावलीय न्हवं दारात."

हर्षालीनं वेल दोरीवरून जपून सोडवली, अलीकडं घेतली. शब्द दिला होता. ती खुरपं आणायला आत गेली.

परत आली तेव्हा प्रयागबाई कुंपणाशी उभ्या होत्या. सोडवलेलं टोक तारेवरून पलीकडं नेऊन त्या लंकाबाईंच्या दोरीवर पुन्हा चढवत होत्या.

"आत्या, भांडण झालं ना?"

"आजचं झालं," प्रयागबाई म्हणाल्या.