सुकी लाकडं

कोलशेतला पोपटशेठच्या जागेवर एका कंपनीचं यार्ड आहे. तेलाच्या विहिरींतून उपसून काढलेले पोलादी पाइप तिथे एकावर एक थर रचून ठेवतात. रविवारी यार्ड बंद होतं आणि शेजारच्या मोकळ्या पट्ट्यात शेठच्या पोरीची हळद होती. मटणाचे टोप चुलीवर चढले आणि लाकडं ओली निघाली. नुसता धूर.

"यार्डात सुकी लाकडं पडल्यान," शेठ बायकोला म्हणाला. "जागा आपली हाय, कोनाला इचारायचं?"

तो स्वतः जाऊन दोन घमेली भरून घेऊन आला. जाळ लगेच धरला. मटण असं शिजलं की पाहुणे बोटं चाटत राहिले.

यार्डाचा सुपरवायझर प्रफुल्लही हळदीला आलेला. ताट घेऊन चुलीपाशी उभा असताना त्याला निखाऱ्यांत अर्धा जळालेला तिकोनी तुकडा दिसला. त्यावर कंपनीचा पिवळा रंग होता.

"शेठ, या पाचरी कुठनं आणल्या?"

"तुमच्या पायपांच्या बुडातनं. लय घट्ट बसलेल्या, घन मारून काढाव्या लागल्या. दोन पाइप जरासे सरकले, बाकी काय नाय."

"अहो, त्या पाचरींवरच तर सगळा ढीग थांबलेला असतो."

प्रफुल्लने वळून पाहिलं.



नाच नीट दिसावा म्हणून बायका-पोरं ढिगावर ओळीने जाऊन बसलेली, आणि डीजेवाल्याने आत्ताच बेस वाढवला होता.