तीन राजांच्या दिवशी

सीताबर्डीहून आणलेला नाताळचा तारा गॅलरीत टांगून एस्तेरचा नवरा आखातातल्या नोकरीवर परतला. रोज संध्याकाळी तिथूनच मोबाइलवरून तारा लावायचा, लेकीला हसवायला तीनदा लुकलुकवायचा. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी तिकडे युद्ध पेटलं. फोन मुका झाला, ताराही विझला. लेक मात्र त्या काळ्या ताऱ्याकडे बघून रोज टाळ्या पिटायची. एस्तेरला ते बघवेना. आज तीन राजांचा सण, तारा उतरवायचा दिवस. "राहू दे वं, तो आल्यावर काढू," सासूबाई विनवत होत्या. "रीत आहे, आई." एस्तेरनं बोर्डातला प्लग उपटला. आणि तारा लख्ख पेटला. एकदा, दोनदा, तीनदा लुकलुकला. "जित्ता हाये माहा पोट्टा!" सासूबाईंनी दारातच गुडघे टेकले. "प्रभूनं ऐकलं! तू काहून थरथरून राहिली वं?" "आनंदानं, आई," म्हणत एस्तेरनं मुठीतला प्लग हळूच ओढणीआड लपवला.