ह्यांचा चहा

मतदान तोंडावर आलं, तसे चॅनेलवाले साहेबांच्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावून उभे राहिले. सगळं लाइव्ह होतं. वहिनींनी साहेबांसाठी चहा करायचा आणि करता करता सुखी संसाराबद्दल बोलायचं, असं ठरलं होतं.

"हसून बोल," माईक लावायच्या आधी साहेब वहिनींच्या कानाशी पुटपुटले. "एवढं नाटक निभावून ने. मग जा परत माहेरी तडफडायला."

आधण ठेवून वहिनींनी साखरेसाठी कपाट उघडलं. आत ताटं होती. दुसऱ्यात औषधं निघाली.

"वहिनी, स्वतःच्याच घरात हरवलात?" निवेदिका हसली.

"कॅमेरा बघून गांगरलीये जरा," साहेब घाईघाईने म्हणाले.

वहिनी मुळीच गांगरल्या नव्हत्या. तिसरं कपाट उघडायच्या भानगडीत न पडता त्यांनी कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या सेक्रेटरीला हाक मारली. ही चारचौघांत 'साहेब, साहेब' करताना थकायची नाही.

"काय गं, साखरेचा डबा कुठेय?"

सेक्रेटरी मोबाइलमध्ये डोकं घालून पुढच्या सभेचं बघत होती. मान वर न करताच ती सवयीने बोलून गेली, "साखर नका घालू. ह्यांना चालत नाही."

आधण तेवढं खळखळत राहिलं.

वहिनींनी हात पुसले, ओट्यापासून बाजूला झाल्या आणि साहेबांनी बजावलं होतं तसं अगदी हसून बोलल्या, "ये बाई पुढे. तुझ्या ह्यांचा चहा तूच कर."