भिंतीकडे तोंड

माझी विधवा बहीण कुंदाबाई सरकारी कॉम्प्युटरवर मेली आणि तिचा निराधारचा पगार बंद झाला. तिला घेऊन मी तिसऱ्यांदा दोंडाईचाला सेतू केंद्रावर गेलो.

“आरे दादा, मी जिती शे, तुन्हा म्होरे उभी शे!” ती कॉम्प्युटरवरच्या पोराला म्हणाली.

नवीन त्याचं नाव. तो हसला. “अक्का, सर्व्हर तिकडे मुंबईला आहे. तिथपर्यंतचा रस्ता कुलूपबंद असतो. पासवर्ड एकट्या माझ्याकडे. माझ्याशिवाय आत कोणी शिरू शकत नाही. तिथं तुम्ही मेलेल्या असाल, तर मेलेल्याच.”

“मग हिला मारलं कोणी?” मी विचारलं.

“बघतो, आबा. पासवर्ड टाकतोय, सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा. सुरक्षेचा नियम आहे.”

रांगेतले आम्ही दहा-बारा म्हातारे निमूट वळलो. कुंदाबाईही पदराने डोळे पुसत वळली. नाकासमोर गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेली भिंत होती. वासानेच शिसारी आली. त्या घाणीत कोणीतरी पेनाने दोन ओळी लिहिल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी, सत्तरीत, अक्षरं शिकलो तेव्हापासून दिसेल ते वाचायची मला सवय लागली आहे.

वरच्या ओळीत इंग्रजी अक्षरं आणि आकडे होते. ते मला येत नाहीत. खालची ओळ मराठीत होती.



‘माझ्या जागी बसणाऱ्या बदली माणसांसाठी पासवर्ड. पुसू नये. इथे येणाऱ्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही.’