तेरियो अनवाणी जाणार नाही

“पेटीचं खालचं अर्धं झाकण बंदच असतं,” रोहेल पुटपुटला. “बूट बघायला जाणार कोण?”

मयताला कपडे चढवायचं काम तो अठरा वर्षं करत होता. पुटपुटला ते अन्सेल्मोच्या कानाशी. अन्सेल्मो म्हणजे मयताचा मुलगा. समोर टेबलावर त्याचा बाप, तेरियो, काळ्या मोज्यांत निजला होता. पायाशी अन्सेल्मोची आई सिद्रा उभी होती. तिच्या हातात काळ्या बुटांचा जोड होता आणि तो ती खाली ठेवत नव्हती.

तेरियोने बूट शिवणाऱ्यांच्या मारिकिना गावात एक्कावन्न वर्षं बूट शिवले. वरचं कातडं सिद्रा शिवायची, तळ तो ठोकायचा. पुरुषाने कसं दिसावं, याचे त्याचे नियम होते. ते न पटणाऱ्या गिऱ्हाइकाला तो दुसरं दुकान दाखवायचा. बारोंग, म्हणजे समारंभाचा झिरझिरीत सदरा, कधी पँटमध्ये खोचायचा नाही. आत बाह्यांचा पांढरा बनियन हवाच. बारोंगवर बूट काळेच; तपकिरी मागणाऱ्या एका नवरदेवाला त्याने लग्नाच्या आदल्या दिवशी हात हलवत परत पाठवलं होतं. आणि पॉलिश टाचेलाही तेवढंच. पुढची बाजू माणूस येताना दिसते, टाच तो जाताना, असं तो म्हणायचा.

आज ते सगळे नियम पाळले गेले होते. त्याच्या थोरल्या बहिणीने, पुरिताने, जिला घरात सगळे आते म्हणजे ताई म्हणत, बारोंगला स्वतः दोनदा इस्त्री केली होती. बनियन होता, भांग डावीकडे होता. मग सिद्राने पिशवीतून बूट काढले आणि खोलीतल्या सगळ्यांना एकदम खोकला आला.

आमच्याकडे मयताला बूट घालत नाहीत. का, ते कुणी बोलत नाही. पुरिता म्हणाली, रीत नाही. अन्सेल्मो म्हणाला, तातयचे, बापाचे, पाय सुजलेत, उगाच ओढाताण होईल. रोहेलने पेटीच्या वजनाचं काहीतरी काढलं. त्यावर जन्मभर वाहिलेल्या बायकोपेक्षा बूट जड असतात का, असं सिद्राने विचारलं. शेवटी पुरिता म्हणाली की देवाच्या दारात माणसाने अनवाणीच जावं.

“पँट चालते वाटतं त्या दारात,” सिद्रा म्हणाली.

रोहेलने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

मधला मार्ग अन्सेल्मोने काढला. बूट पेटीतच ठेवू, पण पायांच्या बाजूला. आतेचंही राहील, नानायचं, आईचंही राहील. पुरिताने होकाराची मान हलवली. रोहेलने तर लगेच जागा करून मऊ कापडही अंथरलं.

“गेल्या पाच वर्षांत त्याला वाकता येत नव्हतं,” सिद्रा म्हणाली. “नाड्या मी बांधायचे. बाजूला ठेवलेत तर घालून कोण देणार?”

बाहेर गाडीवाला थांबला होता. घरी शेजाऱ्यांनी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, कॉफीचं पातेलं चढवलं होतं. पुरिता मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि तिने हातातली जपमाळ पर्समध्ये टाकून पर्स बंद केली. ती शांतपणे सिद्राला म्हणाली की तू त्याला बूट घालणार असशील तर मी त्या घरात परत येणार नाही. भाचीकडे जाईन. कपडे अन्सेल्मो आणून देईल.

ही साधी धमकी नव्हती. पुरिताचं लग्न झालं नव्हतं. एकतीस वर्षं ती त्याच घरात, भावाच्या शेजारच्या खोलीत झोपत होती. ती आणि सिद्रा एका चुलीवर रांधत होत्या आणि एकमेकींच्या मिठाला नावं ठेवत होत्या. अन्सेल्मोला पंधरवड्याने दुबईला कामावर परतायचं होतं. त्यानंतर त्या घरात दोघीच उरणार होत्या. आता एकटी सिद्रा.

सिद्राने पुरिताकडे बघितलं. अन्सेल्मोला वाटलं, आई मानणार.

तिने उजव्या बुटाची नाडी शेवटपर्यंत सैल केली. पंजा आत घातला. पिशवीतून चमचा काढून त्याचा दांडा टाचेमागे धरला आणि सबंध अंगाचा भार दिला. बूट गेला. मग डावा. तो जरा अडला, तशी तिने नवऱ्याला हळू आवाजात दटावलं, जिवंतपणी दटावायची तसंच. नाड्या दोन्हीकडून सारख्या ओढल्या. गाठ मारली, वर आणखी एक मारली. मदतीला कुणी पुढे झालं नाही आणि तिनेही कुणाकडे बघितलं नाही.

पुरिता स्टुलावरून उठली.

“कळत कसं नाही गं तुला, सिद्रा? बूट घातलेलं मेलेलं माणूस जातच नाही. घरातच फिरत राहतं. पावलं वाजतात त्याची. रात्र रात्र ऐकू येतात.”

रोहेलने छातीवर क्रूस काढला. बोलायचं नव्हतं ते बोललं गेलं होतं.

सिद्राने झग्याच्या टोकाने आधी एक टाच पुसली, मग दुसरी.

“मला हल्ली कमी ऐकू येतं, आते,” ती म्हणाली. “म्हणून सकाळीच दोन्ही टाचांना लोखंडी नाल ठोकलेत.”